दुष्टपणाचा पत्ता

कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते तेव्हा ‘माणूस मुळात चांगला की वाईट?’ हा प्रश्न हमखास परीक्षेला यायचा. विहिरीत पडणाऱ्या मुलाला बघून कुणाच्याही काळजात चर्र होतं, म्हणून माणूस मुळात चांगला, असं म्हणणारा चीनचा मेन्शियस एका बाजूला. चांगुलपणा हा कष्टानं लावून घ्यावा लागतो, असं म्हणणारा शुन्त्झू दुसऱ्या बाजूला. मुलं दोघांची मतं मांडून दहा मार्क घेऊन मोकळी व्हायची. निवृत्तीनंतर एका मध्यवर्ती कारागृहात शिक्षाबंद्यांसाठी वाचनाचा वर्ग घेऊ लागले. तिथे हा प्रश्न कुणीच विचारत नाही. जन्मठेपेची माणसं विचारतात, “बाई, सुटल्यावर गाव घेईल का?”

या प्रश्नानं माझं जुनं वाचन मला पुन्हा करायला लावलं. प्रत्येक समाज दुष्टपणाचा एक पत्ता सांगतो. कुणी म्हणतं तो रक्तात राहतो, कुणी म्हणतं पोटात, कुणी मनात, कुणी मेलेल्यांच्या आत्म्यात. हा पत्ता कुठला दिला, यावरून तो समाज गुन्हा केलेल्या माणसाचं पुढे काय करणार ते ठरतं. आत बसून जे समजलं ते इथे मांडते. कैद्यांची ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही.

१. रक्तातला पत्ता सगळ्यात घातक

माझं बालपण सोलापुरात गेलं. ‘सेटलमेंट’ हा तिथला एक भाग. लहानपणी आम्हाला तिकडे फिरकू देत नसत, आणि का ते कुणी सांगत नसे. तारेचं कुंपण घालून माणसं ठेवण्यासाठी ती वसाहत उभी राहिली होती, हे पुढे वाचलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ नंतर मुंबई इलाख्यातही आला. नाव नोंदवायचं, पोलिसांकडे हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा युक्तिवाद हा कायदा करताना झाला होता. इंग्रज साहेबाला तो सुचला, कारण जन्मावरून माणसाची किंमत ठरवायची सवय आपल्याकडे आधीच मुरलेली होती. म्हणून आपल्यातल्या शिकलेल्या लोकांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. तरी लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं तेव्हा त्यातलं जगणं भूतकाळातलं नव्हतं, आणि आजही पुरतं नाही. माझ्या वर्गात विमुक्त जमातीतला एक तरुण होता. तो म्हणायचा, “गावात कुठंबी चोरी होऊ द्या, जीप आधी आमच्या पालावर येती.” तुरुंगांच्या नियमपुस्तिकांमध्येही जुना संशय टिकून होता. पत्रकार सुकन्या शांता यांनी त्याविरुद्ध याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं जातीवरून तुरुंगातली कामं वाटणारे नियम रद्द केले आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याची तरतूदही मोडीत काढली. कायदा गेल्यानंतर ७२ वर्षांनी हे झालं. एकदा रक्तातला पत्ता लिहिला की खोडायला इतका वेळ लागतो.

२. ‘तेव्हा मी मी नव्हतोच’ हे नुसतं निमित्त नसतं

बांधाच्या वादातून सख्ख्या भावाला मारलेला एक शेतकरी माझ्या वर्गात बरीच वर्षं आहे. शांत, पाच शब्दांचं वाक्य दोनात संपवणारा माणूस. तो सांगतो, “डोक्यात काय शिरलं कळलं नाही बाई. तेव्हा मी मी नव्हतोच.” न्यायालयात या वाक्याला किंमत नाही, आणि असूही नये. पण जगातल्या कितीतरी समाजांनी हे वाक्य गंभीरपणे घेतलं आहे.

मध्य आफ्रिकेतल्या अझांदे लोकांबद्दल इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञाचा १९३७ चा ग्रंथ आहे. अझांदे समजुतीनं चेटूक हा पोटातला एक पदार्थ असतो. बापाकडून मुलात, आईकडून मुलीत येतो. मत्सर, राग मनात धरला की तो जागा होतो आणि दुसऱ्याचं वाईट करतो. ज्याच्या पोटात तो आहे त्याला याचा पत्ताही नसेल. कुणी आजारी पडला की कोंबडीला विष घालून कौल घेतात. कौलात ज्याचं नाव निघेल त्याच्यापुढे त्या कोंबडीचा पंख ठेवतात. तो माणूस तोंडात पाणी घेतो, पंखावर फुंकर मारून शिंपडतो आणि सांगतो की मला माहीत नव्हतं, माझ्या पोटात काही असेल तर ते थंड होवो. वाद तिथे थांबतो. आजाऱ्याचा मृत्यू झाला तर मात्र सूड घेतला जाई, हेही त्याच ग्रंथात आहे. तेव्हा अझांदे लोकांना संत ठरवायचा माझा विचार नाही.

मी बघते ते एवढंच, की आरोप झालेल्याला चारचौघांत मान खाली न घालता बाहेर पडायला तिथे एक दार होतं. आपल्याकडे सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवतात तेव्हा असं दार नसतं. तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं, जीवही जातो, आणि बरेचदा मागे जमिनीचा तुकडा असतो. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, तो अशा बायांसाठीही आहे. चेटकाची समजूत दोन्हीकडे सारखीच खोटी. परिणामांत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

३. परत घ्यायचं तर रीत लागते

उत्तर युगांडातल्या अचोली लोकांवर जी वेळ आली ती कुणावर येऊ नये. जोसेफ कोनीच्या ‘लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मी’नं हजारो मुलं पळवली आणि त्यांना माणसं मारायला लावली. कधी स्वतःच्याच गावातली, नात्यातली माणसं मारायला लावली, म्हणजे परतीची वाट बंद व्हावी. पळून आलेल्या मुलाला घरात घ्यायचं कसं? तो पोरगा आपला आहे, आणि त्याच्या हाताला शेजाऱ्याचं रक्त आहे.

अचोलींकडे त्यासाठी एक जुनी रीत होती. दारात एक कच्चं अंडं ठेवतात. त्याच्याजवळ ओपोबो नावाच्या झाडाची डहाळी आणि धान्याच्या कणगीचं झाकण उचलायची काठी. येणाऱ्यानं अंडं पायाखाली फोडून आत यायचं. डहाळीचा रस बुळबुळीत, मळ धुणारा. काठी सांगते की या घरातल्या धान्यात तुझा वाटा आहे. वाचताना मला राहून राहून त्या काठीचं अप्रूप वाटलं. तू माणूस म्हणून चांगला की वाईट, याची चर्चाच नाही. तू इथे जेवणार आहेस, एवढं आधी ठरतं.

त्यानं प्रश्न संपत नाही, हेही अचोली जाणतात. मारलेल्यांचे आत्मे मारणाऱ्याला झोपू देत नाहीत, अशी त्यांची समजूत आहे. या झपाटण्याला ते ‘चेन’ म्हणतात. खुनासाठी ‘मातो ओपुत’ हा वेगळा विधी आहे. आधी कबुली द्यायची, मग मारणाऱ्याच्या कुळानं भरपाई द्यायची, आणि मगच दोन्ही कुळांनी एका भांड्यातून कडू मुळीचा रस प्यायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. भरपाईच्या आधी रस नाही.

याच लढाईत डॉमिनिक ओंग्वेन नावाचा मुलगा शाळेच्या वाटेवरून पळवला गेला आणि मोठा होऊन त्याच फौजेतला एक सेनाधिकारी झाला. त्यानंही मुलं पळवली. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं २०२१ मध्ये त्याला ६१ आरोपांत दोषी ठरवून २५ वर्षांची शिक्षा दिली. लहानपणी त्याच्यावर जे गुदरलं ते शिक्षा ठरवताना धरलं गेलं, दोष ठरवताना नाही. पारंपरिक विधीचा शिक्षेत समावेश करावा ही त्याच्या वकिलांची मागणी मान्य झाली नाही. मला हा निकाल पटतो. अंड्यावर पाय देऊन घरी येण्याची रीत पळवलेल्या पोरांसाठी पुरेशी होती. इतरांवर हुकूम चालवणाऱ्याला तेवढ्यावर सोडणं म्हणजे त्याच्या हाताखाली भरडलेल्यांना वाऱ्यावर सोडणं.

४. आपल्याकडची रीत कुठे गेली?

तो शेतकरी फर्लोच्या रजेवर पहिल्यांदा गावी गेला तेव्हाचं त्यानं सांगितलं. एसटी दुपारीच फाट्यावर पोहोचली. तो अंधार पडेपर्यंत फाट्यावरच्या बंद टपरीमागे बसून राहिला. घरी आईनं ताट वाढलं, पण समोर बसली नाही. सकाळी हापशावर भावजय पाणी भरत होती. हा उभा. तिनं हंडा भरला, कळशी भरली, चुंबळ नीट केली आणि गेली. “शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं,” तो म्हणाला. “आता दर फर्लोला तसंच. ती बी बोलत न्हाई, म्या बी न्हाई.”

माझ्या मनात आलं, आपल्या एवढ्या मोठ्या परंपरेत या दोघांसाठी काहीच नाही? अर्जुन कृष्णाला विचारतो की माणूस इच्छा नसताना पाप का करतो, कुणी बळजबरीनं ढकलल्यासारखा. उत्तर मिळतं, काम आणि क्रोध. प्रश्न माझ्या शेतकऱ्याचाच आहे. ज्ञानेश्वरांनी तर दुष्टांचा नाश मागितलाच नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, हे मागितलं. माणूस आणि त्याचा दुष्टपणा इतक्या मायेनं वेगळा केलेला मी दुसरीकडे वाचला नाही. पण हापशावर उद्या सकाळी काय करायचं, ते त्यातून कळत नाही.

प्रायश्चित्ताची रीत स्मृतींमध्ये होती. ब्रह्महत्या केलेल्यानं बारा वर्षं अरण्यात झोपडी करून, कवटीची खूण बाळगून, भिक्षेवर राहावं, असं मनुस्मृती सांगते. पुढे तीच स्मृती हिशेब मांडते. क्षत्रियाला मारलं तर याचा चौथा हिस्सा, वैश्याला मारलं तर आठवा, शूद्राला मारलं तर सोळावा. मरणाऱ्याच्या जातीवरून पापाचं वजन ठरवणारी ही रीत गेली ते बरंच झालं. तिच्या जागी सगळ्यांना सारखी लागू होईल अशी दुसरी रीत मात्र आपण रुजवली नाही. शिक्षा न्यायालयावर सोपवली, आणि शिक्षेनंतरचं नशिबावर.

प्रयत्नच झाले नाहीत असं नाही. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या माणसाची कल्पना आणि औंधच्या राजांचा पाठिंबा. भिंत नाही, कैदी शेती करतात, बायकामुलं बरोबर राहू शकतात. ‘दो आंखें बारह हाथ’ हा चित्रपट आपण डोळे पुसत पाहिला, पण ज्यावरून तो निघाला ते स्वतंत्रपूर सांगली जिल्ह्यात आहे हे किती जणांना माहीत आहे? दर जिल्ह्यात एक स्वतंत्रपूर का असू नये, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

५. ‘माझ्या हातून होणार नाही’ हे पुण्य नाही

हे मला जपानच्या शिनरानकडून मिळालं. १३व्या शतकातला हा बौद्ध आचार्य एकदा शिष्याला, युइएनला, विचारतो, मी सांगेन ते करशील? शिष्य हो म्हणतो. मग जा, हजार माणसं मार, म्हणजे तुझी मुक्ती पक्की. शिष्य म्हणतो, माझ्या हातून एकसुद्धा मरणार नाही. शिनरान त्याला सांगतो, तुझं मन चांगलं आहे म्हणून तू मारत नाहीस असं समजू नकोस. तशी कारणं तुझ्या वाट्याला आलेली नाहीत. आली तर नको म्हणतानाही शंभर, हजार मारशील.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली. पहिला प्रश्न आला, “म्हंजे बाई, तुम्ही बी?” मी हो म्हणाले. दुसरा लगेच आला, आणि तोच खरा होता: “मग आम्ही आत का?” शिनरानच्या काळातही काही अनुयायांनी असाच अर्थ काढून मनमानी सुरू केली होती. त्यांना त्यानं बजावलं होतं की उतारा हाताशी आहे म्हणून कुणी विष पिऊ नये. वर्गातल्या चर्चेत पुढे एका म्हाताऱ्या कैद्यानं स्वतःच सांगितलं, की कारणं सगळ्यांना मिळतात, माझ्या शेजाऱ्यालाही मिळाली होती, त्यानं कुऱ्हाड उचलली नाही.

६. हव्यास पूर्ण मारून टाकायचा नसतो

ज्यू धर्मपंडितांचं म्हणणं असं, की माणसातली वाईट ओढ नसती तर कुणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, धंदा केला नसता. थोडक्यात सांगते, कारण पटायला मला फार वेळ लागला नाही. ज्या हव्यासानं त्या शेतकऱ्यानं खडकात विहीर खोदली, त्याच हव्यासानं बांध कोरला.

७. षड्रिपूंच्या यादीत आज्ञापालन नाही

काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. लहानपणी पाठ केलेल्या या यादीनं माझ्या वर्गातले बहुतेक गुन्हे समजतात. विसाव्या शतकातले मोठे गुन्हे मात्र समजत नाहीत.

१३ जुलै १९४२ ला पोलंडमधल्या युझेफुफ गावात हॅम्बुर्गहून आलेली राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची तुकडी उभी होती. सुमारे ५०० माणसं, बरीचशी चाळिशीकडे झुकलेली, घरसंसारी, कामगार वर्गातली. त्यांचा मेजर ट्रॅप रडवेला होऊन सांगत होता की गावातल्या ज्यूंना गोळ्या घालायचा हुकूम आहे, ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावं. डझनभर माणसं पुढे आली. त्यांना कुठलीही शिक्षा झाली नाही. उरलेल्यांनी दिवसभरात सुमारे १,५०० बायका, मुलं, म्हातारे मारले. ख्रिस्तोफर ब्राउनिंग या इतिहासकारानं या तुकडीच्या जबान्यांवरून १९९२ मध्ये पुस्तक लिहिलं. रागानं वेडी झालेली माणसं त्यात फारशी भेटत नाहीत. सोबत्यांसमोर कच्चं ठरायला नको, आपल्या वाटचं घाणेरडं काम दुसऱ्याच्या गळ्यात कसं टाकायचं, असे विचार भेटतात. मन सुन्न होतं ते यानं.

लेकीबरोबर कंबोडियात नॉम पेन्हला गेले होते, तेव्हा तुओल स्लेंग पाहिलं. ती मुळात शाळा. ख्मेर रूजच्या राजवटीनं १९७५ नंतर तिचा छळतुरुंग केला. वर्गांमध्ये विटा रचून माणूस जेमतेम मावेल अशा कोठड्या केल्या. व्हरांड्यांना वरपासून खालपर्यंत काटेरी तार लावली, म्हणजे छळाला कंटाळून कुणी उडी मारू नये. १२ हजारांहून जास्त माणसं इथून मरणाकडे गेली. प्रमुख होता डुच, पूर्वीचा गणिताचा शिक्षक. कैद्यांचे कबुलीजबाब तो बारकाईनं वाचायचा आणि कागदांवर शेरे लिहायचा. तो शिक्षक होता हे मला फार लागलं. वर्गात आपण ज्या गुणांची शाबासकी देतो, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा, सांगितलेलं पूर्ण करणं, ते सगळे त्याच्यात होते.

आणि इतकं लांब जायला नको. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना मारणारे त्याच गावचे होते. रोज एकाच पांदणीनं जाणारे. कुणाच्या अंगात सैतान शिरला नव्हता. जातीनं ठरवून दिलेली जागा सोडून एक कुटुंब ताठ मानेनं जगत होतं, आणि जमावात सामील होणं हे बाजूला उभं राहण्यापेक्षा सोपं होतं.

८. माणूस दिसला म्हणून माफी आपल्या हातात येत नाही

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीच्या एका मारेकरी पथकाचा प्रमुख होता यूजीन डी कॉक. सत्यशोधन आयोगावर काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ पुम्ला गोबोडो-माडिकिझेला त्याला तुरुंगात भेटत असत. एकदा बोलता बोलता तो कळवळला, आणि यांचा हात आपसूक त्याच्या हातावर गेला. पुढे त्यानं सांगितलं, तुम्ही स्पर्श केलात तो माझा गोळी झाडायचा हात. गोबोडो-माडिकिझेला कृष्णवर्णीय, डी कॉकनं मारलेली माणसं त्यांची. त्यांनी हे काहीच न लपवता लिहिलं आहे: कळवळाही खरा होता आणि अंगावर आलेला काटाही.

त्याच देशात पोलिसांच्या कोठडीत मेलेल्या स्टीव्ह बिकोच्या घरच्यांनी आयोगाच्या माफीविरुद्ध १९९६ मध्ये घटना न्यायालयात दाद मागितली. ते हरले. पण आयोगाचे अध्यक्ष डेस्मंड टूटू यांच्याबद्दल मनापासून आदर असूनही मी त्या घरच्यांच्या बाजूनं उभी आहे. कैद्यांबरोबर बसायला लागलं की त्यांच्यातला माणूस दिसतो, जीव लागतो. त्या जिवाच्या जोरावर मेलेल्याच्या घरच्यांनी काय करावं, हे ठरवायचा हक्क मला मिळत नाही.

९. दुसऱ्या घरीही जावं

त्या शेतकऱ्याच्या भावजयीकडे मी गेले. त्याला विचारून, आणि आधी तिलाही निरोप पाठवून. तिनं चहा दिला. मी त्याचं नाव काढल्यावर ती म्हणाली, “त्याला किती पस्तावा झाला ते मला सांगू नका बाई. माझ्या मालकाचा हिस्सा अजून सामाईक आहे. वारस नोंद झाली न्हाई, सातबाऱ्यावर माझं नाव न्हाई. कर्ज मिळत न्हाई, इमा मिळत न्हाई. तेवढं बघा.”

पुढच्या वर्गाला मी हे त्याला जसंच्या तसं सांगितलं. वाटपाला त्याची संमती लागणार होती. त्यानं दुसऱ्याच दिवशी कारागृहाच्या कार्यालयाकडे कुलमुखत्यारपत्रासाठी अर्ज केला आणि बांधाची ती पट्टी तिच्या हिश्श्यात धरायला सांगितली. कागद आता तहसीलला आहेत. पोरांच्या शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नाही म्हणून फेरफार अडला आहे. त्यासाठी सोमवारी तिच्याबरोबर जायचं आहे.